ब्रेसेसच्या आधी दातांना सीलर मारला तर ब्रॅकेट लवकर सुटतात का?

सहसा नाय सुटत. सीलर म्हणजे दातावर द्यायचा रेझिनचा (प्लास्टिकसारखा) संरक्षक लेप, आणि ब्रॅकेट म्हणजे ब्रेसेसची तार धरणारे, दाताला चिकटवलेले छोटे तुकडे. आधी ३७ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं जेल १५-३० सेकंद लावून दात धुवून सुकवतात, त्याने इनॅमल (दाताचं वरचं कडक आवरण) खरखरीत होतं आणि खरी पकड तिथेच मिळते, मग सीलरचा पातळ थर देऊन लाइटने कडक करतात नि वर ब्रॅकेट चिकटवतात, सीलर आणि ब्रॅकेट चिकटवायचा गोंद दोन्ही सहसा रेझिनच म्हणून जमतं त्यांचं. घोळ होतो तो दात थुंकीने ओला झाला की, किंवा आधी मारलेलं फ्लोराइड वार्निश नीट साफ केलं नाय तर. सीलर ब्रशने झिजतो हां, त्यामुळे पांढरे डाग (ब्रॅकेटभोवती कीड सुरू होत असल्याची खूण) टाळायला फक्त त्याच्या भरवशावर राहू नका, ब्रश करायचाच. आणि मे महिन्यात रत्नागिरीकडे असाल तर भाजलेल्या आठळ्या, चिवट आंबापोळी लांब ठेवा, ब्रॅकेट त्याने निघतं आणि शिव्या बिचाऱ्या सीलरला :)