मस्टँगला 4.10 टाकू की 3.73?

प्रश्न : काका, नमस्कार. माझ्याकडे 2007 ची फोर्ड मस्टँग जीटी आहे, पाच गिअरची मॅन्युअल. मागे मूळचं 3.55 चं डिफरन्शियल आहे. मित्र म्हणतात, 4.10 टाक, गाडी दुसरीच वाटेल. रोज टर्नपाइकवरून ऑफिसला जातो, अधूनमधून रविवारी ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ पट्टीवरच्या शर्यतीला). मित्राच्या गॅरेजमध्ये दोघं मिळून शनिवार-रविवारात हे काम उरकेल का? — स. प., एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : मित्र खोटं बोलत नाहीत, पण अर्धंच सांगतात. तुमच्या गाडीत पिनियनला (इंजिनकडून फिरणारा लहान गिअर) 11 दात आणि क्राउनला (तो फिरवतो ते मोठं चक्र) 39, त्यांचा भागाकार म्हणजे 3.55. 4.10 म्हणजे 10 आणि 41. प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा जोर 15-16 टक्क्यांनी वाढतो आणि तो पहिल्या सिग्नललाच जाणवतो. राहिलेलं अर्धं हे, की प्रत्येक गिअर तितकाच लवकर संपतो. तुमच्या 17 इंची चाकांवर मूळचे टायर धरून हिशोब केला. इंजिन सहा हजार फेऱ्यांवर असताना दुसऱ्या गिअरमध्ये आज गाडी ताशी 68 मैलांवर असते. 4.10 टाकलंत की ती 59 वर येते. म्हणजे 60 गाठायच्या तोंडावर तिसरा टाकावा लागणार, आणि जोरामुळे कमावलेल्या वेळातला बराचसा त्या एका शिफ्टमध्ये जाणार! टर्नपाइकवर पाचव्यात 70 ला आज इंजिन 2090 च्या आसपास फिरतं, ते 2400 वर जाईल. रोज तो आवाज आणि ते पेट्रोल.

बदलायचंच असेल तर माझा कौल 3.73 ला. दुसऱ्या गिअरमध्ये 65 पर्यंत जाता येतं आणि 70 ला इंजिन 2200 च्या आत राहतं. फरक पाच टक्क्यांचाच, हे खरं. तेवढ्यासाठी मागचा धुरा उघडायचा का, हे तुम्ही ठरवा. मी असतो तर आहे तेच 3.55 ठेवून पैसे चांगल्या टायरवर घातले असते. पण तुम्ही विचारलंत ते गिअरचं, म्हणून पुढचं सांगतो.

पिंपरीच्या कारखान्यात आणि नंतर मिशिगनमध्ये माझी सगळी नोकरी गिअरचे दात रंगवून तपासण्यातच झाली. त्यामुळे ‘वीकएंडला उरकू’ म्हटलं की माझ्या भुवया वर जातात. ब्रेक उतरवणं, तेल काढणं, क्रॉस पिन काढून सी-क्लिप (अॅक्सल अडकवून ठेवणारी कडी) सोडवणं आणि अॅक्सल बाहेर ओढणं हे तुम्ही दोघं आरामात कराल. बेअरिंगच्या कॅपवर आधी पंचाने खुणा करा. डावी-उजवी किंवा उलटसुलट झाली तर गेलं. कसोटी त्यानंतर लागते.

पिनियन किती आत बसतो हे त्याच्या डोक्यामागच्या शिमवर (पातळ चकतीवर) ठरतं. दातांना पिवळी पेस्ट लावायची, फिरवायचं आणि ठसा बघायचा. ठसा दाताच्या मुळाशी गेला तर पिनियन फार आत आहे, शिम कमी करा. टोकाकडे सरकला तर वाढवा. प्रत्येक वेळी बेअरिंग दाबून काढायचं, पुन्हा दाबून बसवायचं. म्हणून जुन्या बेअरिंगचं भोक आतून थोडं घासून, सैल करून चाचणीपुरतं वापरतात. हाताने निघतं, हाताने बसतं. क्राउन आणि पिनियनमधला प्ले (दातांमधली मोकळीक) डायल गेजने मोजायचा, तो साधारण 8 ते 12 थाऊ (इंचाचा हजारावा भाग) लागतो. पण सेटसोबतच्या कागदावर जो आकडा असेल तो अंतिम. दोन्ही बाजूंच्या शिम बदलून तो साधायचा. क्राउन आणि पिनियन एकमेकांवर घासून जोडीनेच बनवलेले असतात. एकाचं क्राउन, दुसऱ्याचं पिनियन असा ‘स्वस्त’ जुना माल कोणी दिला तर घेऊ नका.

घरच्या गॅरेजात सगळ्यात जास्त सेट वाया जातात ते क्रश स्लीव्हपाशी. पिनियनचा नट आवळला की ही नळी दबते आणि बेअरिंगवर ताण येतो. ती दाबायला भलताच जोर लागतो. ब्रेकर बारला लांब पाइप घालून दोघांनी लटकावं लागतं. नवीन बेअरिंगला पिनियन फिरवताना 16 ते 29 इंच-पौंड भरायला हवेत, आणि तेही सुईच्या टॉर्क रेंचवर. खटका वाजणारा रेंच इथे निरुपयोगी. सुई 35 वर गेली तर नट सैल करून आकडा खाली आणायचा मोह होतो. अजिबात नको! दबलेली नळी परत फुगत नाही, पिनियन ढिला राहतो. नवीन स्लीव्ह घाला. दोन-तीन जास्तीच्या आधीच घेऊन ठेवा, रविवारी संध्याकाळी ऐनवेळी मिळतीलच असं नाही.

हायड्रॉलिक प्रेस, डायल गेज आणि तो रेंच हाताशी नसेल तर उतरवाउतरव तुम्ही करा आणि सेटिंग अॅक्सलचंच काम करणाऱ्या माणसाला द्या. नंतर ट्यूनरने गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नवा आकडा भरून घ्या. 4.10 टाकून तसंच ठेवलंत तर खऱ्या 60 ला स्पीडोमीटर 69 दाखवेल. ट्रॅक्शन-लॉकसाठी (एकच चाक फुकट फिरू न देणारं फोर्डचं डिफरन्शियल) तेलात चार औंस फ्रिक्शन मॉडिफायर विसरू नका, नाही तर पार्किंगमध्ये वळताना मागून कुरकुर ऐकू येईल. पहिल्या दिवशी 15-20 मैल शांतपणे चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा करा. 500 मैल ड्रॅग स्ट्रिप बंद, मग तेल बदला.

प्रश्न : माझ्या मस्टँगला एका शॉपने 3.73 बसवले. आता 45 ते 55 मैलांवर बारीक शिट्टी येते. शॉपवाला म्हणतो, ‘चालवत राहा, बसेल.’ — म. द., ह्यूस्टन

उत्तर : बसणार नाही. दात जसे घासले जातात तसे घासले जातात, हजार मैलांनंतर शिम बदलूनही शिट्टी सहसा जात नाही. म्हणून आताच बोला. आधी एवढं करा : 50 ला अॅक्सिलरेटर दाबा, मग पाय काढा, मग पुन्हा हलका ठेवा. आवाज या तिन्हींत बदलत असेल तर तो दातांचा. एकसारखी घरघर असेल तर बेअरिंगचा संशय घ्या. त्याच वेगाला चौथा आणि पाचवा दोन्ही टाकून बघा. आवाज तोच राहिला तर तो मागूनच येतोय. मग शॉपकडे तीन गोष्टी मागा : पेस्टच्या ठशाचा फोटो, प्लेचा आकडा आणि पिनियनच्या प्रिलोडचा (बेअरिंगवरच्या ताणाचा) आकडा. ज्याने काम नीट केलं त्याच्याकडे हे लिहिलेलं असतं. नसेल तर कव्हर तुमच्यासमोर उघडायला लावा, पेस्ट तुम्ही विकत घेऊन जा.