मीटरवर किलोमीटर कमी, तरी ऑईल बदलायचं?

प्रश्न (मुलुंडहून एक वाचक): मागच्या दिवाळीला पेट्रोल हॅचबॅक घेतली. रोज घर ते विक्रोळीचं ऑफिस, सात-आठ किलोमीटर, आणि महिन्यातून एखादा रविवार डोंबिवलीला सासरी. वर्ष होत आलं, मीटरवर जेमतेम ४,२०० किमी आहेत. सर्व्हिस सेंटरमधून सारखा फोन येतोय की वार्षिक सर्व्हिस ड्यू आहे, ऑईल बदलावं लागेल. मोठे दीर म्हणतात १०,००० होईपर्यंत ऑईलला हात लावू द्यायचा नाही, हे लोक लुटतात. खालच्या मजल्यावरचे काका म्हणतात दर ५,००० ला बदलायलाच हवं. कोणाचं ऐकू?

उत्तर: ताई, दोघांचंही राहू द्या, डॅशबोर्डच्या ड्रॉवरमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत जे मॅन्युअल पडलंय ना ते उघडा. आपल्याकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना १०,००० किमी किंवा १२ महिने, यापैकी जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. दिरांनी त्यातलं पहिलं अर्धं वाचलंय. तुमचे १२ महिने आधी भरतायत म्हणजे ऑईल आत्ता बदलायचं, ४,२०० असो नाहीतर २,२०० असो.

आता हे का, ते सांगतो, कारण नुसतं पुस्तकात लिहिलंय म्हणून पैसे द्यायला कोणालाच आवडत नाही. इंजिन सुरू केलं की पहिली काही मिनिटं ते थंड असतं, तेव्हा पेट्रोल जरा जास्त सोडलं जातं, त्यातलं थोडं न जळता पिस्टनच्या कडेनं खाली ऑईलमध्ये उतरतं, आणि जळण्यातून जी वाफ होते तिचंही पाणी होऊन तिथंच बसतं. गाडी नीट तापून थोडा वेळ चालत राहिली की हे दोन्ही बऱ्यापैकी उडून जातं. पण सात किलोमीटरचा प्रवास, त्यात सगळा भाग सिग्नलला, तिथं ऑईल पुरेसं तापून तसं राहतच नाही (टेंपरेचरचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑईल तापलं असं नसतं, तो काटा कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, ऑईल त्याच्या मागून तापतं). मग हे पेट्रोल-पाणी आतच साठतं आणि ऑईलमधली अ‍ॅडिटिव्ह, म्हणजे इंजिन जपायला त्यात मिसळलेली रसायनं, हळूहळू संपतात. गाडी कमी चालवली म्हणून ऑईल कमी खराब झालं, हे मुंबईत फारसं खरं नाही.

अजून एक गंमत करून बघा. स्क्रीनवर अ‍ॅव्हरेज स्पीड दिसतो, ट्रिप मीटर मध्येच कधी रिसेट केला नसेल तर तो आकडा बघा. बहुतेक गाड्या सिग्नलला इंजिन चालू ठेवून उभं राहिलेला वेळही त्यात धरतात. तुमचा समजा तासाला १५ किमी निघाला, तर ४,२०० किमीला इंजिन २८० तास चाललंय. तेवढ्याच तासांत ६० च्या अ‍ॅव्हरेजनं हायवेला पळणारी गाडी १६,८०० किमी करते! तास म्हणजे सगळं काही नव्हे, हायवेला इंजिनवर लोड वेगळा असतो, तरी दिरांना दाखवायला हा हिशोब बरा आहे.

काकांचं ५,००० चं गणित जुन्या मिनरल ऑईलच्या काळातलं. पण तेही अगदीच उडवून लावू नका, बऱ्याच मॅन्युअलच्या मागच्या पानांवर सिव्हियर कंडिशन म्हणून वेगळा तक्ता असतो, जवळचे फेरे, ट्रॅफिकमध्ये उभं राहणं, धूळ, हे सगळं त्यात येतं, म्हणजे मेट्रोच्या खोदकामातला आपला एलबीएस रोडच! पुढे तुमचं चालवणं वाढलं, वर्षाला नऊ-दहा हजार सगळे शहरातच व्हायला लागले, तर मी सहा-सात हजारालाच बदलीन, टर्बो असेल तर नक्कीच. तुमच्या सध्याच्या वापराला वर्षातून एकदा बास.

सर्व्हिसवाले लुटतात असं दीर म्हणाले, तेही अगदीच खोटं नाही, फक्त लूट ऑईलमध्ये नसते. फ्री सर्व्हिसला लेबर फ्री असतं, ऑईल, फिल्टर, वॉशर यांचे पैसे द्यावेच लागतात, तिथं वाद घालू नका. पण एक वर्षाच्या गाडीला इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, इंजिन डिकार्बनायझिंग, इंजिन ड्रेसिंग हे जॉब कार्डवर (कामांच्या यादीवर) दिसलं की सरळ खोडायला सांगा. सही करायच्या आधी जॉब कार्ड वाचायचं, गाडी धुवायला गेल्यावर नाही. एसीचा केबिन फिल्टर मात्र काढून दाखवा म्हणायचं, मुंबईच्या धुळीत तो खरंच भरतो. उंदरांचा स्प्रे गळ्यात मारतात त्यावर हसू नका, सोसायटीत खाली पार्किंग असेल तर वायरी कुरतडणं हा खरा त्रास आहे, फक्त उंदीर अडवायची जाळी बाहेर स्वस्तात मिळते. बिलावर ऑईलचा ग्रेड आणि किती लिटर हे लिहिलेलं बघा, छोट्या पेट्रोल इंजिनाला साधारण तीन-साडेतीन लिटर लागतं, पाच लिटर लावलं असेल तर विचारा. आणि बिल जपून ठेवा, वॉरंटीत काही निघालं तर सर्व्हिस वेळेवर केली होती का हे पहिलं विचारतात.

प्रश्न (गिरगाव): माझ्या गाडीला ०डब्ल्यू-२० ऑईल सांगितलंय. आमचा नेहमीचा मेकॅनिक म्हणतो हे पाण्यासारखं पातळ आहे, परदेशातल्या थंडीसाठी असतं, मुंबईत २०डब्ल्यू-५० टाका, इंजिन टिकेल. टाकू का?

उत्तर: नको हो. तुमचा मेकॅनिक माणूस चांगला असेल, पण त्याचा हात जुन्या इंजिनांवर बसलाय. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनाचा आणि नंतरचा तापलेल्या इंजिनाचा. आता थंड म्हणजे बर्फच पाहिजे असं नाही, तुमची गाडी रात्रभर २५ डिग्रीत उभी असली तरी १०० च्या आसपास चालणाऱ्या इंजिनाला ती थंडच, आणि झीज जास्त होते ती त्या सुरुवातीच्या काही सेकंदांत, ऑईल वरपर्यंत पोचायच्या आत. पातळ ऑईल लवकर पोचतं. शिवाय नवीन इंजिनांत व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑईलच्या प्रेशरवर चालते, तिथं जाड ऑईल घातलं की ती सुस्तावते आणि अ‍ॅव्हरेजही (मायलेज) पडतं. मॅन्युअलमध्ये दोन-तीन ग्रेड दिले असतील तर त्यातला कुठलाही घ्या, त्याबाहेर जाऊ नका.

प्रश्न (अंधेरी): डिझेल एसयूव्ही, बीएस६. ऑईल बदलून आठवडाही झाला नाही तर ऑईल मोजायच्या पट्टीवर काळंकुट्ट! जुनंच ऑईल परत भरलं का? आणि लेव्हल तर उलट वाढल्यासारखी वाटतेय.

उत्तर: काळं झालं याचा संशय घेऊ नका. डिझेलची काजळी धरून ठेवणं हे ऑईलचं कामच आहे, आणि आत चिकटून राहिलेलं थोडं जुनं ऑईल नव्यात मिसळतंच.

वाढलेली लेव्हल मात्र मनावर घ्या. गाडी सपाट जागेवर लावून, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा बघा. खरंच वरच्या खुणेच्या पुढे असेल तर एकतर भरतानाच जास्त भरलंय, नाहीतर डिझेल ऑईलमध्ये उतरतंय. धुराच्या नळीत डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, तो भरला की गाडी जास्तीचं डिझेल सोडून आतली काजळी जाळते, पण त्याला सलग चालणं लागतं. तुम्ही वर्सोवा ते स्टेशन करून मध्येच इंजिन बंद केलं की ते अर्धवट राहतं आणि ते डिझेल थोडं थोडं ऑईलमध्ये जातं. सर्व्हिसला दाखवा, ऑईल पातळ झालं असेल तर किलोमीटर न बघता बदला, आणि डीपीएफ गाड्यांसाठीचं कमी राखेचं ऑईलच मागा. पुढे पंधरा दिवसांतून एकदा तरी सकाळी लवकर निघून वीस-पंचवीस मिनिटं एकसारख्या स्पीडनं चालवा, इस्टर्न फ्रीवे त्याला मस्त आहे. एवढंही जमणार नसेल तर अंधेरीतल्या अंधेरीत फिरायला डिझेल घ्यायलाच नको होती, पण आता घेतलीये.

प्रश्न (कुर्ला): कंपनी फिटेड सीएनजी. १०,००० ला पण ऑईल मधासारखं स्वच्छ दिसतं. १५,००० ला बदललं तर?

उत्तर: सीएनजीत काजळी कमी होते म्हणून रंग टिकतो, आतली अ‍ॅडिटिव्ह रंगावरून कळत नाहीत. मॅन्युअलप्रमाणेच बदला. गॅसच्या सिलेंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) दर तीन वर्षांनी करायची असते, ती तारीख ऑईलच्या नादात विसरू नका.

प्रश्न (परळ): पावसात हिंदमाताला पाण्यातून गाडी काढली. बंद पडली नाही. तरी ऑईल बदलू?

उत्तर: पट्टी काढून बघा. ऑईल नेहमीसारखं दिसत असेल आणि लेव्हल वाढली नसेल तर नका बदलू, ब्रेक तेवढे तपासून घ्या. दुधाळ, चहाच्या रंगाचं दिसलं तर पाणी शिरलंय, मग स्टार्ट न करता टो करून न्या. आणि पुढच्या वेळी पाण्यात बंद पडलीच तर परत परत सेल्फ मारायचा नाही, सिलेंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि विम्यात इंजिन प्रोटेक्ट अ‍ॅड-ऑन घेतलं नसेल तर साध्या पॉलिसीत तो खर्च सहसा मिळत नाही. रिन्यूअल जूनच्या आधी येत असेल तर एजंटला आत्ताच विचारून ठेवा.