अ‍ॅव्हरेज सुंदर आलंय, पण थांब

तुझी स्ट्रॉन्शियम टायटनेट क्रिस्टलची इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवरची सीरिज बघितली, एकाच जागेच्या ४० फ्रेम्स एकमेकींवर बसवून काढलेलं अ‍ॅव्हरेज मस्तच दिसतंय, पण खरं सांगू का, त्या दिसण्यावर माझा काडीचा विश्वास नाही. क्रिस्टलचं दुखणंच हे आहे. एखादी फ्रेम बसवताना अख्खी एक युनिट सेल (क्रिस्टलमधे पुन्हापुन्हा येणारा छोटा ठोकळा) सरकली तरी कॉलमवर (अणूंची रांग, चित्रात एक ठिपका) कॉलमच बसतो, चित्र तितकंच शार्प आणि क्रॉस-कोरिलेशनही (दोन फ्रेम्स किती जुळतात त्याचं माप) खूश. वाट लागते ती जे रिपीट होत नाही त्याची, व्हेकन्सी (अणूची रिकामी जागा), डोपंट (मिसळलेला परका अणू), कडा, म्हणजे ज्याच्यासाठी मायक्रोस्कोपवर बसलो नेमकं तेच.

खालच्या कडेला तो जास्त ब्राइट कॉलम आहे ना, त्याच्यापासून बरोब्बर एका सेलच्या अंतरावर तसाच एक फिकट कॉलम दिसतोय. तो बहुतेक खरा नाहीये. ड्रिफ्टचा (फ्रेमगणिक चित्र किती सरकलं त्याचा) प्लॉट काढून बघ, सेल ३.९०५ अँगस्ट्रॉमची, तुझा पिक्सेल ०.२ चा, म्हणजे कुठेतरी १९-२० पिक्सेलची उडी सापडेल. स्टेज हळूहळू सरकते, अशा उड्या मारत नाही.

आता उपाय. फक्त पहिल्या फ्रेमशी तुलना करू नकोस, फ्रेम्सच्या सगळ्या जोड्यांमधली शिफ्ट काढ, ७८० जोड्या होतील, एफएफटीने (झटपट फूरियर ट्रान्सफॉर्मने) होऊन जातं. मग फ्रेम १ ते २ आणि २ ते ३ च्या शिफ्टची बेरीज १ ते ३ एवढी यायला हवी. जिथे एका सेलचा फरक पडतो ती जोडी खोटी, ती टाकून बाकीच्यांवरून शिफ्ट काढ. लागोपाठच्या फ्रेम्समधला ड्रिफ्ट अर्ध्या सेलच्या आत राहायला हवा, म्हणून एका स्लो स्कॅनपेक्षा भरपूर फास्ट फ्रेम्स बऱ्या. आणि फेज कोरिलेशनच्या नादी लागू नकोस, ते सगळ्या फ्रिक्वेन्सीला सारखं वजन देतं, आणि कमी इलेक्ट्रॉन वापरून घेतलेल्या (लो-डोस) क्रिस्टलच्या चित्रात ब्रॅग पीक (क्रिस्टलच्या जाळीच्या, म्हणजे लॅटिसच्या, ठरावीक फ्रिक्वेन्सी) सोडले तर बाकी बहुतेक नॉइजच असतो.

नॉन-रिजिडची (फ्रेम नुसती न सरकवता ताणून-वाकवून बसवण्याची) घाई नको (मला माहितीये तुला तेच करायचंय). स्मूदनेसचा लगाम ढिला ठेवलास तर ते नॉइजलाही लॅटिसवर ओढून बसवतं. एकदा नुसता रँडम नॉइज तुझ्या रेफरन्सवर (ज्या चित्राशी फ्रेम्स जुळवतोस त्यावर) अलाइन करून अ‍ॅव्हरेज बघ, त्यातही कॉलम दिसले तर पॅरामीटर बदल. सम-विषम फ्रेम्सचे दोन गट करून दोन्हीचा रेफरन्स वेगळा बनव, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

पुढच्या वेळी अ‍ॅव्हरेज नको पाठवूस, रॉ फ्रेम्स आणि शिफ्टचं मॅट्रिक्स पाठव, शक्य झालं तर ९० अंश फिरवलेला स्कॅनपण.