डायनामो बदलण्याआधी गाडीचा अर्थ, म्हणजे अर्थिंग, तपासा (जुनी मारुती झेन, मंद लाईट, सेल्फचा टक आवाज)

दादा, तुमची अडचण नीट वाचली. 2003 ची झेन, ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद पेटतो, हेडलाईट पिवळट पडलेत, आणि इगतपुरीच्या पावसातून गाडी आणली की दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) नुसता टक करून गप्प. नवीन बॅटरी टाकून झाली, आता डायनामो (बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) बदला म्हणतायत. कृपा करून त्याला इतक्यात हात लावू नका. एवढ्या जुन्या गाडीत वायर सहसा मधून जात नाही, ती टोकाला जाते, म्हणजे थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी), कपलर (वायरी जोडणारा प्लग), बल्बचा होल्डर आणि सगळ्यात जास्त बॉडी अर्थ, म्हणजे पत्र्यातून बॅटरीच्या मायनसकडे करंट परत जायचा रस्ता. तुमची तिन्ही लक्षणं मला त्यातलीच वाटतात.

ब्रेक-इंडिकेटरवाल्या लक्षणात तर शंकाच नाही. मागच्या लॅम्पमध्ये ब्रेकचा फिलामेंट 21 वॅटचा, पार्किंगचा 5 वॅटचा, इंडिकेटरचा बल्ब वेगळा 21 वॅटचा, आणि या सगळ्यांचा करंट परत जातो तो एकाच अर्थ वायरने, जी बॉडीला स्क्रूने धरलेली असते. तो स्क्रू गंजला की ब्रेकच्या करंटला परतीचा रस्ता उरत नाही, मग तो इंडिकेटरच्या बल्बातून उलटा शिरतो आणि त्याच बाजूच्या पुढच्या इंडिकेटरमधून तिथल्या चांगल्या अर्थला जातो, म्हणून दोन्ही मंद पेटतात. खात्री करायला एक हातभर वायर घ्या, एक टोक लॅम्पच्या अर्थ पिनला आणि दुसरं डिकीतल्या रंग खरवडलेल्या पत्र्याला टेकवा, आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. इंडिकेटर विझला आणि ब्रेक लाईट झगझगीत झाला की दोष सापडला. स्क्रू काढा, थिंबल आणि खालचा पत्रा दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत करा, परत घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. खर्च जवळपास शून्य.

आता सेल्फ. एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, बाजारात काही शे रुपयांत मिळून जाईल, डीसी 20 व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरीवर 12.6 च्या आसपास पाहिजे, 12.2 वगैरे असेल तर आधी चार्ज करून घ्या नाहीतर पुढचं काहीच खरं दिसणार नाही. गाडी चालू असताना 13.8 ते 14.5 मिळालं तर डायनामो चार्जिंग करतोय, तो विषय तिथंच संपला.

मग खरी टेस्ट. काळी पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर, क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटीवरच टेकवायची, लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि आत बसलेल्याने सेल्फ मारायचा. मीटरवर 0.2 व्होल्टपर्यंत आलं तर अर्थ ठीक. अर्धा, एक व्होल्ट दाखवला तर तेवढा व्होल्टेज वाटेतच मरतोय. मग लाल पिन एकेक टप्पा मागे आणत जा, आधी गिअरबॉक्सवरचा केबलचा बोल्ट, मग केबलची थिंबल, मग बॅटरीचा क्लॅम्प, ज्या टप्प्याला आकडा एकदम खाली येतो तो जॉइंट गुन्हेगार. प्लसच्या बाजूला तसंच, बॅटरीच्या प्लस खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत, तिथं 0.5 पर्यंत चालतं. पिना टेकवताना गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, आणि शर्टाची बाही पंख्याच्या पट्ट्यापासून लांब.

पुष्कळ जण हेच काम मीटर ओहमवर (वायरचा अडथळा मोजायच्या सेटिंगवर) ठेवून मोजतात आणि वायर चांगली आहे म्हणून मोकळे होतात. केबलच्या शंभर तारांपैकी दोनच शाबूत असल्या तरी मीटर जवळपास शून्य ओहमच दाखवणार, कारण मीटर सोडतो तो करंट अगदीच नगण्य. सेल्फ मात्र शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, तिथं 0.01 ओहमचा गंज पण दीड व्होल्ट खातो. म्हणून लोड चालू असतानाच मोजायचं. हे सोडलं तर बाकी सगळं अंदाजाने पार्ट बदलणं आहे, आणि त्याचे पैसे गाडीवाल्याच्याच खिशातून जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मीटर नसला तरी एक खूण बघा, छतावरचा दिवा लावून सेल्फ मारा. टक झालं आणि दिवा पार विझला तर बॅटरीचा क्लॅम्प नाहीतर जाड केबल. दिवा जसाच्या तसा राहिला तर मोठा करंट सेल्फपर्यंत पोचतच नाहीये, मग किल्लीच्या स्विचकडून सोलेनॉइडला (सेल्फवरच्या चुंबकी स्विचला) येणारी बारीक वायर आणि सोलेनॉइडच्या आतले कॉन्टॅक्ट बघा. त्या बारीक वायरची चपटी पिन पावसाच्या पाण्याने हिरवी झालेली असते, काढून घासून पकडीने जरा दाबून घट्ट बसवली तरी बरेचदा सेल्फ लगेच फिरतो. आणि वॉशिंग सेंटरला इंजिनात प्रेशरने पाणी मारू देऊ नका, कपलरमध्ये पाणी तिथूनच शिरतं.

क्लॅम्प काढताना नेहमी मायनस आधी, बसवताना मायनस शेवटी. प्लस आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर सरळ शॉर्ट, ठिणगी बॅटरीच्या गॅसपाशी. क्लॅम्पवर पांढरी बुकटी असेल तर खायचा सोडा कोमट पाण्यात घालून धुवा, डोळ्यात उडू देऊ नका.

हेडलाईटचं शेवटी करा, कारण अर्थ सुधारला की तोही बराच उजळतो. एक बल्ब 55-60 वॅटचा, म्हणजे दोन्ही मिळून दहा अँपिअरच्या आसपास, वाटेत 0.1 ओहम असला तरी एक व्होल्ट गेला, आणि 12 च्या जागी 10.5 मिळाले तर उजेड साधारण एक तृतीयांश कमी होतो, म्हणूनच कसारा घाटात रात्री रस्ता दिसत नसेल. होल्डरच्या पिना तपकिरी झाल्या असतील, प्लास्टिक वितळल्यासारखं असेल तर घासत बसू नका, होल्डर बदला, चांगल्या सिरॅमिकचा घ्या. मोजताना एक लक्षात ठेवा, काही जपानी डिझाइनच्या गाड्यांत हेडलाईटचा स्विच अर्थच्या बाजूला असतो, त्यामुळे वायरिंग डायग्रॅम बघितल्याशिवाय कुठली वायर अर्थ ते गृहीत धरू नका. अर्थ आणि होल्डर करूनही मंद वाटला तर बॅटरीवरून फ्यूज टाकून रिले किट (हेडलाईटला थेट बॅटरीवरून करंट देणारा स्विच) बसवून घ्या, 100 वॅटचे बल्ब मात्र अजिबात नको, जुना हार्नेस (वायरींचा जुडगा) तापतो. आणि कुठलाही फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा टाका, निळा 15 चा गेला म्हणून हिरवा 30 चा घालायचा नाही.

आधी मागचा लॅम्प आणि इंजिनचा अर्थ करा, सेल्फ मारतानाचे दोन्ही आकडे इथेच लिहा, मग सोलेनॉइड उघडायचा की नाही ते सांगतो.