आजी घरी, नातू प्लेस्टेशनवर

प्रश्न: मुलगा ९ वर्षांचा, घरात प्लेस्टेशन ५ आहे. आम्ही दोघंही सातपूरला कामाला, घरी फक्त सासूबाई, आणि हा शाळेतून आला की दप्तर फेकून जो बसतो तो आम्ही येईपर्यंत. वर परवा गेममध्ये पैसेपण कापले गेले. काय करू?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: ताई, तो तुमच्याच अकाउंटवर खेळतोय ना? मग मर्यादा लावून काही उपयोग नाही. सेटिंग्जमधल्या फॅमिली अँड पेरेंटल कंट्रोल्समध्ये जाऊन त्याचं वेगळं चाइल्ड अकाउंट काढा, जन्मतारीख खरी टाका. त्यात खर्चाची मर्यादा मुळातच शून्य असते, पैशांचा विषय तिथंच मिटला. खेळायची वेळ वारानुसार ठरवता येते, पण वेळ संपल्यावर नुसती सूचना द्यायची की थेट लॉगआउट करायचं हे तुम्ही निवडायचं, लॉगआउटच ठेवा, सूचनेला कोण विचारतंय! आणि हो, तुमच्या अकाउंटला पासकोड लावा, कन्सोलच्या निर्बंधांचा पासकोड आधीपासून ०००० असतो (पोरांना हे आपल्याआधी कळतं) तो बदला, नवीन युजर आणि गेस्ट लॉगिनपण बंद करा, नाहीतर साहेब गेस्ट म्हणून घुसतील. कधी वेळ वाढवून द्यायचीच असेल तर फोनवरच्या प्लेस्टेशन फॅमिली ॲपमधून ऑफिसात बसून देता येते, आजींच्या डोक्याला ताप नको.