नेदरलँड्समधले सगळे डावे पक्ष एकत्र आले, तर उजव्यांना हरवतील का?

नाही. 'मतं फुटतात म्हणून डावे हरतात' हे आपल्याकडचं गणित तिथे लागू पडत नाही. जागावाटपासाठी अख्खा देश म्हणजे एकच मतदारसंघ. एकूण वैध मतांना 150 ने (संसदेच्या कनिष्ठ सभागृहातल्या जागा) भागायचं, येईल तो एका जागेचा भाव. 2023 मध्ये तो साधारण 69,550 मतं होता. किमान टक्केवारीची वेगळी अट नाही. त्यामुळे फुटलेलं मत सहसा वाया जात नाही, सभागृहात शेजारच्या बाकावर जाऊन बसतं.

आता बेरीज करा. मजूर पक्ष (पीव्हीडीए), हरित-डावा ख्रूनलिंक्स, समाजवादी एसपी, प्राण्यांचा पक्ष, डेंक हा छोटा पक्ष आणि सिल्वाना सिमन्स यांच्या छोट्या पक्षाची एक जागा धरून 2021 मध्ये 36. 2023 ला पहिल्या दोन पक्षांनी मजूर पक्षाचे फ्रान्स टिमरमान्स यांना पुढे करून एकच यादी दिली. दोघांच्या मिळून 17 च्या 25 झाल्या, केवढं कौतुक! पण डाव्यांची बेरीज? पुन्हा 36. एसपी 9 वरून 5 वर, प्राण्यांचा पक्ष 6 वरून 3 वर, सिमन्स यांचा पक्ष बाहेर. 2025 मध्ये संयुक्त यादी 20 आणि सगळे मिळून 29. बहुमताला 76 लागतात. 2006 मध्ये यांतले तेव्हा असलेले पक्ष वेगवेगळे लढून 67 पर्यंत गेले होते!

खरी गळती 2012 नंतरची. त्या उन्हाळ्यात चाचण्यांत एसपी जोरात होती. पंतप्रधान होते उजव्या व्हीव्हीडी पक्षाचे मार्क रुटे. मग 'रुटेंना रोखायचं तर मजूर पक्षालाच द्या' अशी हवा झाली. मजूर पक्षाचे नेते साम्सोम यांना 38 जागा मिळाल्या, एसपी 15 वरच राहिली. आणि आठ आठवड्यांत मजूर पक्ष रुटेंच्याच मंत्रिमंडळात. रुटेंच्या 41 अधिक यांच्या 38, म्हणजे 79. रुटेंना रोखायला दिलेल्या मतांनीच रुटेंचं बहुमत उभं राहिलं. पुढे काटकसर, स्वस्त भाड्याची घरं बांधणाऱ्या संस्थांवर कर, 2015 पासून दीर्घकालीन काळजीचा मोठा भाग कमी पैशांत नगरपालिकांच्या गळ्यात, विद्यार्थ्यांच्या अनुदानाऐवजी कर्ज (याला ख्रूनलिंक्सचाही पाठिंबा होता, हे त्यांचे भक्त सोयीने विसरतात). 2017 ला 38 च्या 9 झाल्या. अशा पक्षाला दुसऱ्याशी जोडलं, म्हणून गेलेला मतदार परत येत नाही.

हं, एवढं मान्य: भागाकारानंतर उरलेल्या जागांच्या वाटपात मोठ्या यादीला झुकतं माप मिळतं, फार तर एखाद-दुसरी जागा. सरकार बनवण्याची पहिली संधीही सहसा सर्वात मोठ्या पक्षाला. आणि डी66 या मध्यममार्गी उदारमतवादी पक्षाला मी डाव्यांत धरलेलं नाही. कुणी धरत असेल तर 2025 मध्ये त्यांच्या 26 मिळवा, तरी 55 च.

तुम्ही तिथे राहत असाल तर: भारतीय पासपोर्टवर संसदेला मत देता येत नाही, पण सलग पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य झालं की नगरपालिकेला देता येतं. मतदानाचा पास घरी पोस्टाने येतो, तो आणि ओळखपत्र घेऊन जायचं. डच नागरिकत्व घेतलं असेल तर संयुक्त यादीत पहिल्याच नावापुढे लाल पेन्सिल फिरवायची गरज नाही. यादीत खाली असलेल्या उमेदवाराला एका जागेच्या भावाचा चौथा हिस्सा, म्हणजे 2023 च्या हिशेबाने सुमारे 17,400 मतं मिळाली, तर पक्षाच्या क्रमाला ओलांडून तो वर येतो, अर्थात यादीला तेवढ्या जागा मिळाल्या असतील तर. 'मोठ्यालाच द्या' म्हणणाऱ्याला विचारा, 2012 ला ते मत कुठे गेलं होतं.