वाळवंटी चित्रं पाहायला सुरुवात करताना

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या ठिपक्यांच्या चित्रांची तुम्हाला ओढ लागली, याचा फार आनंद झाला. सुरुवातीला मोजक्याच गोष्टी धरा, बाकीचं सावकाश येईल.

पहिली चूक बहुतेकांची तीच: ठिपक्यांना नुसती नक्षी समजणं. ही चित्रं बहुधा वरून पाहिलेल्या जमिनीची असतात. एकात एक वर्तुळं म्हणजे अनेकदा पाणवठा किंवा मुक्काम, घोड्याच्या नालेसारखी खूण म्हणजे बसलेलं माणूस. पण खुणांचा तक्ता पाठ करू नका. तीच खूण दुसऱ्या चित्रात वेगळं सांगते, आणि काही अर्थ बाहेरच्यांसाठी नसतातच. तिथं थांबायचं.

दुसरं, चित्र कुठल्या जागेचं, हे आधी विचारा. कोणती कथा कोणी रंगवायची, हा हक्क पूर्वजांच्या भूमीशी असलेल्या नात्यातून येतो. १९९७ मध्ये ग्रेट सँडी वाळवंटातल्या लोकांनी जमिनीवरचा हक्क सिद्ध करायला ८ बाय १० मीटरचा ‘नगुरारा’ कॅनव्हास एकत्र रंगवला आणि त्यातल्या आपापल्या जागेवर उभं राहून न्यायाधिकरणापुढे बोलले. २००७ मध्ये तो हक्क मान्य झाला. माझं ऐकाल तर याच चित्रापासून सुरुवात करा.

विकत घेताना:
- पपुन्या तुलासारखी, कलाकारांच्याच मालकीची संस्था गाठा. ती १९७२ पासून आहे.
- चित्रकार, जागा आणि कथा लिहिलेलं प्रमाणपत्र मागा.

हात शिवशिवले तर ठिपके जरूर काढा, पण त्यांच्या कथा आणि खुणा उचलू नका. स्वतःच्या गावची जमीन रंगवा.